आप्पांची सुई

थंडीत गाडीत काय काय पाहिजे याची यादी मी कॅलेंडरच्या पानामागं केली होती. ऑक्टोबरच्या पानामागं, कारण ऑक्टोबर संपला होता. टॉर्च, सेल वेगळे. जॅक, पाना, स्टेपनीत हवा. ओढायची दोरी. एक जादा फॅनबेल्ट. चाकामागं लावायला दोन विटा. लाल फडकं. पाण्याचा कॅन. घोंगडं. हेडलाइटवर चिकटवायला पिवळा कागद, कारण धुक्यात पांढरा उजेड परत फिरून आपल्याच डोळ्यांत येतो. बॅटरीच्या टोकांवर थर्मासमधलं गरम पाणी ओतायचं, पुसायचं, वर व्हॅसलीन. काचेला आतून तंबाखू चोळायची म्हणजे वाफ धरत नाही. तंबाखू आमच्या घरात फक्त आप्पांकडं असते आणि चिमूटभर मागितली तरी ते दहा प्रश्न विचारतात.

"कोल्हापूरला जायचं हाय का लढाईला?" त्यांनी विचारलं होतं.

आप्पा म्हणजे माझे सासरे, भरमाप्पा. मलकापुरातलं आमचं बी-बियाणांचं दुकान त्यांनीच काढलेलं. वय तेव्हा अठ्ठ्याहत्तर, तोंडात दात एकही नाही, करून आणलेली कवळी कपाटात, आणि बारा वर्षांचा डायबेटिस. माझ्या सासूबाई, गौराबाई, गेल्या त्याला सहा वर्षं झाली होती. तेव्हापासून त्यांना इन्शुलिनची सुई मी देत होते. मला कुणी शिकवलं नाही. कंपाउंडर दोनदा येऊन गेला, तिसऱ्या दिवशी त्यालाच ताप आला. मग मी एका संत्र्याला चार वेळा टोचून बघितलं आणि पाचव्यांदा आप्पांना. ते ओरडले नाहीत, त्यावरून जमलं असं धरलं. गाडीही अशीच शिकले, एक्केचाळिसाव्या वर्षी, दुकानामागच्या मोकळ्या जागेत. एक मारुती व्हॅन आणि तीन बाभळी होत्या. आता दोन आहेत.

तर दोन हजार एक सालचा जानेवारी. आप्पांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन करायचं ठरलं होतं आणि त्याआधी रक्त तपासायचं होतं. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, साडेसातला रिकाम्या पोटी या, रक्त दिल्याशिवाय काही खायचं नाही. वीरेश, म्हणजे आमचे हे, दुकानाच्या मालासाठी हुबळीला गेलेले. म्हणजे गाडी मी नेणार.

रिकाम्या पोटी म्हणजे रिकाम्या पोटी. आदल्या दिवशी संध्याकाळी मी गाडीची झडती घेतली. डॅशबोर्डच्या कप्प्यात खडीसाखरेची पुडी सापडली. सीटखाली वर्तमानपत्रात गुंडाळलेला शेंगदाण्याचा लाडू. आप्पांच्या कोटाच्या आतल्या खिशात लिमलेटच्या दोन गोळ्या, एक चघळून परत कागदात घातलेली. सगळं काढून घेतलं. आप्पा ओसरीवरून बघत होते.

"पोलिसात का भरती झाली न्हाईस गं तू?"

"उंची कमी पडली," मी म्हटलं.

सकाळी पाचला उठले. बाहेर धुकं असं की तुळशीचा कट्टा दिसेना. गाडी चालू करून इंजिन तापवत ठेवलं, टायर बघितले, यादीवर टिक केली. आप्पांना स्वेटर, कोट, कानटोपी, वरून मफलर. पावणेसहाला निघालो.

मलकापूर सोडलं आणि पुढं रस्ता नव्हताच, फक्त गाडीच्या नाकापुढं दहा-बारा फूट पिवळट उजेड होता. त्यात हंगाम चालू. आमच्या भागात थंडीचे दिवस म्हणजे उसाच्या ट्रॉल्यांचे दिवस. एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, मागं दिवा नाही, लाल काच नाही, उसाची वाढी, शेंड्याचा पाला, झाडूसारखी रस्त्यावर लोळतायत. मागच्या थंडीत यांनी अशाच एका ट्रॉलीत गाडीची पुढची काच घातली होती. म्हणून तर ती यादी. शाहूवाडीपर्यंत मी दुसऱ्या गिअरच्या वर गेले नाही. आप्पा शेजारी बसून रस्ता सांगत होते, जसा काही त्यांना दिसत होता.

"आता वळण हाय."

"दिसतंय."

"काय दिसतंय? मला न्हाय दिसत, तुला कसं दिसंल?"

बांबवडं मागं पडलं तेव्हा पावणेसात झाले होते. चहाच्या टपरीवरची शेगडी लाल दिसली आणि धुक्यात गेली. आप्पांनी वळणं सांगायचं सोडलं होतं. मला वाटलं डोळा लागला.

"शिवलीला, पोटात कालवतंय."

"भूक लागली असेल. दम धरा, रक्त द्यायचंय."

"हात कापायलेत."

"थंडी केवढी आहे."

 मी घोंगडं नीट करावं म्हणून डावा हात त्यांच्याकडं नेला आणि तो त्यांच्या कपाळाला लागला. कपाळ ओलं होतं. कानटोपीची कड भिजून गार झाली होती. या थंडीत माणूस घामानं भिजला होता.

हा घाम मला माहीत होता. सहा वर्षांत दोनदा बघितला होता. सुई घेतली आणि खाल्लं नाही तर येतो तो.

पण आज सुई कुठं दिली? आज उपाशी न्यायचं म्हणून आज सुई...

साडेपाच. स्वयंपाकघर. फ्रिजमधली बाटली तळहातांवर फिरवली. आप्पांनी बाही वर केली. बावीस युनिट. रोजच्यासारखं. हात आपले आपण चालले, डोकं गाडीच्या टायरमध्ये होतं. रोज सुईनंतर अर्ध्या तासानं दूध-भाकरी असते, आज ती सोडून बाकी सगळं मी बिनचूक केलं होतं.

 परत वळावं तर अरुंद रस्ता, धुकं, मागून काय येतंय पत्ता नाही. पुढं फाट्यावर चहाचं हॉटेल आहे हे मला माहीत होतं, सहा-सात किलोमीटर. तिथं साखर असणार. मी तिसरा गिअर टाकला. मग चौथा.

"आप्पा, बोला काहीतरी. वळण आलं का?"

"कसलं वळण?" ते म्हणाले. जीभ जड झाली होती. "बैलं सोडली का?"

बैल आमच्याकडं वीस वर्षांत नव्हते.

ट्रॉली दिसली तेव्हा ती ट्रॉली आहे हे कळलंच नाही. रस्त्यावर आडवी हिरवी भिंत होती. मी ब्रेकवर उभी राहिले. चाकं सांडलेल्या उसावरून सरकली, गाडी तिरकी झाली आणि डावं पुढचं चाक धप्पकन कडेच्या चरीत गेलं. इंजिन बंद पडलं. आप्पा मफलरासकट पुढं झुकले आणि तसेच राहिले.

"ब्रेक हाईत का न्हाईत गाडीला?" धुक्यातून एक माणूस ओरडत आला. हातात कोयता, डोक्याला टॉवेल. मी खाली उतरले तसा त्याचा आवाज खाली आला, पण थोडाच. "बाई चालवत्यात व्हय. तरीच म्हटलं."

तो ट्रॅक्टरवाला होता, पिराजी. मागच्या ट्रॉलीचं चाक निखळून ती कलंडली होती, ऊस सगळ्या रस्त्यावर. जोडीदार दुसरा ट्रॅक्टर आणायला गेला होता, अर्धा तास झाला होता.

"साखर आहे का तुमच्याकडं?" मी विचारलं.

"आँ?"

"साखर, गूळ, बिस्किट, काहीही. आमच्या सासऱ्यांना इन्शुलिन दिलंय आणि पोटात काही नाही. ते बेशुद्ध पडतील."

"डबा जोडीदाराजवळ हाय," पिराजी म्हणाला. मग त्यानं आजूबाजूला बघितलं, मीपण बघितलं. आम्ही घोट्याएवढ्या उसात उभे होतो. टनभर साखर होती तिथं, सगळी लाकडात कोंडलेली.

"चावायला द्या की त्यास्नी," तो म्हणाला.

"दात नाहीत."

"एक बी?"

"एक बी."

पिराजीनं पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं. "मग वो?"

मी म्हणाले, "तुम्ही सोलून द्या. पेरं काढून, बोटाएवढे तुकडे. पण त्याआधी हा टॉर्च घ्या नि हे लाल फडकं. मागं शंभर पावलं जाऊन उभं राहायला कोण आहे?"

"मीच हाय की. दुसरं कोण?"

आम्ही दोघंच होतो. मागून एखादी गाडी आली असती तर ती आधी आमच्या व्हॅनवर आली असती, आणि व्हॅनमध्ये आप्पा. त्यांना उतरवून कडेला न्यावं म्हणून मी दार उघडलं, काखेत हात घातले. ते भिजलेल्या पोत्यासारखे झाले होते, मला हललेच नाहीत. पिराजीनं चार ऊस ओढले, उभ्या उभ्या सपासप सोलले, तुकडे माझ्या पदरात टाकले आणि टॉर्च, फडकं घेऊन मागं पळाला. टॉर्चचा उजेड वीस पावलांवर विरघळला. नंतर फक्त त्याच्या चपलांचा आवाज, मग तोही नाही.

मी वीट काढली. कॅनमधल्या पाण्यानं धुतली. वर तुकडे ठेवून पान्यानं ठेचायला लागले. पहिला घाव बोटावर बसला. दुसरा तुकड्यावर, तो उडून चरीत गेला. मग तुकडे डोक्याच्या स्कार्फात बांधले नि वरून ठेचले. स्कार्फ पिळला. थर्मासच्या झाकणात चमचाभर गढूळ पाणी पडलं. एवढ्यानं काय होतंय! तरी ते घेऊन गाडीत गेले.

"आप्पा, तोंड उघडा."

त्यांचे डोळे उघडे होते पण मी त्यांना दिसत नव्हते. ओठ घट्ट. मी झाकण ओठांना लावलं तसा त्यांनी हात झटकला. झाकण माझ्या हातातून उडालं, रस सीटवर.

मी रडले नाही. रडायला वेळ लागतो. परत खाली बसले, परत ठेचलं. गुडघ्याखाली वाढी टोचत होती, पाठ रस्त्याकडं होती आणि सगळे कान पाठीला फुटले होते. दर घावाला वाटायचं, आता मागून काहीतरी येणार. दोन पिळे, तीन पिळे. बोटातून रक्त येत होतं ते स्कार्फात मिसळू नये म्हणून बोट वर धरून पिळत होते, त्यामुळं जोर लागत नव्हता. मग बोटाचा नाद सोडला.

अर्धं झाकण झालं. या वेळी मी प्यायला दिलंच नाही. बोट रसात बुडवून त्यांच्या ओठांच्या आतून, हिरड्यांवर फिरवलं. एकदा, दोनदा, दहादा. लहान मुलाला चाटण देतात तसं. दात नसल्याचा हा एक फायदा, चावायची भीती नव्हती.

तेवढ्यात मागून आवाज आला. जड इंजिन. उतारावरून येणारं. मग पिराजीचं ओरडणं, "ए थांब! थांब! थांब की भाड्या!" आणि ब्रेकचा असा लांब करकरता आवाज की मी आप्पांच्या डोक्याभोवती दोन्ही हात घालून डोळे मिटले.

काहीच झालं नाही. डोळे उघडले तर मागच्या काचेत दोन पिवळे गोळे, मोटारीच्या लांबीएवढ्या अंतरावर. एसटी होती. पिराजी लाल फडकं हातात घेऊन ड्रायव्हरला शिव्या देत होता आणि ड्रायव्हर त्याला.

"गौरा," आप्पा म्हणाले.

माझा हात त्यांच्या तोंडाजवळच होता. ते माझ्याकडं बघत होते, पण मी तिथं नव्हते. त्यांच्यापुढं सासूबाई होत्या. सासूबाई सीमेपलीकडच्या, आयुष्यभर नवऱ्याशी कन्नडच बोलल्या. औषध देतानाही त्या कधी विनवायच्या नाहीत, पेला पुढं धरायच्या आणि एकच शब्द, तोही हुकमासारखा.

मी झाकण पुढं धरलं. "कुडीरी," म्हणाले. प्या.

आप्पांनी तोंड उघडलं.

पहिला घोट अर्धा बाहेर आला. दुसरा गेला. गळ्याची घाटी वर झाली, खाली आली, ती मी बघितली. तिसरा गेला. झाकण रिकामं झालं.

"अजून पाहिजे!" मी दारातून ओरडले. "कुणीतरी ठेचा!"

एसटीतली माणसं उतरली होती. बाजाराला निघालेली एक बाई काही न विचारता विटेपुढं बसली, धोंडुबाई तिचं नाव. तिनं माझ्या हातातून पाना काढून घेतला. "सरका. तुमच्यानं न्हाय व्हायचं." तिच्या एका घावात उसाचा भुगा होत होता. दोन गडी पिळायला लागले. दुसरं झाकण भरून आलं, मग तिसरं. प्रत्येक वेळी मी तो एकच शब्द म्हणत होते आणि आप्पा तोंड उघडत होते. कंडक्टर दारात उभा राहून घड्याळ बघत होता. पाच मिनिटं. सात. कपाळ मी पुसत होते, ते परत ओलं होत होतं. आठव्या मिनिटाला परत ओलं झालं नाही.

आप्पांनी जिभेनं टाळू चाटली. कपाळाला आठ्या घातल्या.

"कुठला ऊस ह्यो?"

पिळणाऱ्या गड्यांचे हात थांबले.

"पाणचट हाय. खोडवा दिसतोय, दुसऱ्या तोडीचा. अजून पंधरा दिवस ठेवायला पायजे होता."

"ओ म्हातारबा," पिराजी पुढं आला, "जीव वाचला न्हवं त्याच्यावर? का गोडी मोजायलाय?"

"जीव वाचला म्हणून ऊस चांगला व्हतोय व्हय?" आप्पा म्हणाले, आणि एसटीतली माणसं हसली. मी हसले नाही. मी झाकण पुसून थर्मासवर बसवलं.

धोंडुबाईनं तिच्या फडक्यातली अर्धी भाकरी दिली, पाण्यात भिजवून मी ती आप्पांना चारली. नंतर सात-आठ जणांनी मिळून "हय्या" म्हणत गाडी चरीतून उचलली आणि बांबवड्याच्या दिशेला तोंड करून ठेवली. तिथल्या दवाखान्यात साखर तपासल्याशिवाय आता कुठंही जायचं नव्हतं. माणसं ऊस बाजूला करायला लागली. उजाडलं होतं, धुक्यातून एका बाजूचं शेत दिसायला लागलं होतं.

मी स्टिअरिंगवर बसले. आप्पा शेजारी, भाकरीचे तुकडे कोटावरून झाडत.

"मगाशी काय झालतं?" त्यांनी विचारलं. "मला बांबवड्यापत्तुर आठवतंय."

सांगितलं नसतं तरी चाललं असतं. थंडी, वय, उपास, कुणीही पटवून घेतलं असतं. वीरेशनी तर नक्कीच.

"सकाळी मी तुम्हाला सुई दिली," मी म्हणाले. "उपाशी न्यायचं होतं तर द्यायची नव्हती. माझ्या लक्षातच आलं नाही. तुम्ही गेला असता आप्पा. माझ्या हातानं."

ते कोटाचं बटण लावत होते. एक लावलं, दुसऱ्याचं भोक सापडेना.

"मला आलतं ध्यानात," ते म्हणाले.

"काय?"

"की उपाशी जायचं म्हंजे आज सुई न्हाय. बाही वर करताना आलतं."

"मग बोलला का नाही?"

"तू सुई घेऊन आलीस, मी हात पुढं केला. सहा वर्षात एकदा बी चुकली न्हाईस. म्हटलं डॉक्टरनं सांगितलं आसंल." बटण लागलं. "आनी तुला इचारायचं म्हंजे, तू केवढ्यांदा वरडतीस ते तुला ठावं न्हाय."

 चावी हातात होती, ती भोकात जाईना. ठेचलेलं बोट, बाकीची बोटं, मनगट, सगळं हलत होतं. मगाशी इतका वेळ हललं नव्हतं ते आता हलत होतं.

कंडक्टरनं काचेवर टिचकी मारली. "ओ ताई, गाडी काढा की! आमची बस अडकलीया. का आता चालवायचं बी आम्हीच?"

आप्पांनी त्यांच्या बाजूची काच खाली केली.

"थांबा वो पावणं," ते म्हणाले. "आमच्या सुनंचा हात कापतोय. कमी झाला की निघतीया."